जावईबापू कुठे गेले?

१

"नाना, जावईबापू गेले!"

अग्निशमन केंद्राच्या फोनखोलीच्या दारात केंद्रातली सगळ्यात नवी भरती, धाकटी, उभी होती. सकाळची कवायत अजून सुरू व्हायची होती, पण तिचा चेहरा मात्र कवायत करून, वर बोलणी खाऊन आल्यासारखा दिसत होता.

फोन सांभाळणाऱ्या नानांनी वाचत होते त्या पुस्तकात बोट घातलं आणि ते घाईघाईने उभे राहिले. "अरेरे! केव्हा गं? आजारी होते का?"

"आपले जावईबापू, नाना!"

"आपले?" नाना मटकन खाली बसले. "ते कसे जातील? त्यांना तर उचलून न्यावं लागतं."

"तेच तर म्हणतेय. कोणीतरी उचलून नेलंय."

जावईबापू म्हणजे केंद्रातला सरावाचा पुतळा. जाड कॅनव्हासचा, आत वाळू आणि चिंध्या ठासून भरलेला, अंगात बंबवाल्याचा जुना कोट आणि विजार, पायात गमबूट. धुराने भरलेल्या घरातून बेशुद्ध माणसाला खांद्यावर टाकून शिडीवरून कसं उतरवायचं, ते त्याच्यावर शिकायचं. स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, सगळ्यांनी खांद्यावर मिरवायचं, आणि जरा कुठे खरचटलं तर मिरवणाऱ्यांनीच बोलणी खायची. म्हणून पूर्वीच्या कोण्या बंबवाल्याने त्याला जावईबापू म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

एरवी ते हरवते तर दिवसभर हसण्यावारी गेलं असतं. पण उद्या सकाळी मुख्यालयातून परीक्षक येणार होते. धाकटीची शिडीची चाचणी होती, आणि ती शेवटचीच. मागच्या वर्षी निम्म्या शिडीवर जावईबापू तिच्या खांद्यावरून निसटले होते. परीक्षक वर्षातून एकदाच येतात आणि पुढच्या वर्षी तिचं वय नियमाच्या पलीकडे जाणार होतं. पुतळा नाही तर चाचणी नाही, आणि चाचणी नाही तर धाकटीला बंबावर उभं राहणं कायमचं बंद.

तोवर साहेबही आले. केंद्राचे प्रमुख ते; आगीसमोर शांत आणि वरिष्ठांसमोर घामाघूम. त्यांनी शेजारच्या केंद्राला फोन लावून पाहिला. त्यांचा पुतळा फाटून शिवायला गेलेला होता.

"नाना," फोन ठेवत साहेब म्हणाले, "तुम्ही शोधा."

"मी?"

"एवढी चोऱ्यामाऱ्यांची पुस्तकं वाचता ना फोनपाशी बसून!"

"वाचतो साहेब, पण चोर मला एकदाही सापडलेला नाही," नाना अगदी खरं तेच बोलले. "ज्याच्यावर संशय घेतो तो शेवटी देवमाणूस निघतो. शेवटच्या पानावर लेखक सांगतो तेव्हाच मला कळतं."

"मग शेवटचं पान संध्याकाळपर्यंत उलटा म्हणजे झालं," साहेब म्हणाले.

धाकटीने नानांकडे पाहिलं. तिच्या नजरेत इतका भरवसा होता की नानांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

२

मागच्या अंगणात सरावाचा उंच मनोरा होता. त्याच्या बाहेरच्या अंगाला शिडी लावायची, आणि आतून तो वरपर्यंत पोकळ. प्रत्येक कामगिरीनंतर होजपाइप धुऊन तिथे वरून खाली टांगून वाळवायचे, ही केंद्राची जुनी रीत. आताही तीनचार लांबलचक होज लोंबत होते आणि त्यांच्या टोकांवरून टप टप पाणी गळत होतं. खाली भिंतीला लागून एक बाक होता. जावईबापूंची बैठक त्या बाकावर.

बाक रिकामा होता.

नानांनी पुस्तकातल्या हुशार माणसांसारखं गुडघ्यावर बसून पाहायचं ठरवलं. गुडघा वाजला. ड्रायव्हरदादा मागून म्हणाला, "नाना, तुम्हाला उठवायला शिडी आणू का?"

ड्रायव्हरदादा म्हणजे बंब चालवणारा. आवाज मोठा, शरीर त्याहून मोठं, आणि कंबर मात्र कायमची धरलेली. तो कुठून गेला हे मागे राहिलेल्या बामाच्या वासावरून कोणालाही सांगता यायचं.

"मनोऱ्याच्या दाराचं कुलूप तोडलेलं नाही," नाना म्हणाले.

"तोडेल कशाला? किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला. मांजरानेही घ्यावी."

"आणि मागच्या फाटकाची कडी आतून उघडलेली आहे."

"म्हणजे चोर घरचाच!" दादाने टाळी वाजवली. "झालं की. मावशीला पकडा. तिला जावईबापूंची भीती वाटते."

नानांनी बाकावर हात ठेवला. फळी गार आणि ओली होती, मधोमध वाकलेली होती. खाली फरशीवर पांढरी भुकटी सांडलेली होती आणि त्या भुकटीतून दोन चाकांच्या रेघा फाटकाकडे गेल्या होत्या.

"हे काय सांडलंय?"

"आग विझवायच्या नळकांड्यातली पावडर, दुसरं काय. परवाच भरली मी. इथे सगळीकडे असते ती."

ते खरंच होतं. नानांनी बोटाने चिमूटभर उचलली. ओल्या फरशीवर तिचा चिकट गोळा झाला होता. बोट झटकलं तरी सुटेना. त्यांनी ते निमूटपणे विजारीला पुसलं आणि उठायच्या खटपटीला लागले.

पुढे दिवसभर ते बोट त्यांना काहीतरी सांगत राहिलं, पण नाना ऐकत नव्हते. त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं: ज्याला जावईबापू किंवा धाकटीची चाचणी नकोशी असावी असं माणूस या केंद्रात एक नव्हतं, चांगली तीन होती.

३

पहिली स्वयंपाकघरातली मावशी. साऱ्या केंद्राला जेवू घालणारी, आणि साऱ्या केंद्राला दमात घेणारी.

"मी? त्या मेल्याला हात लावू मी?" तिने कालथा नानांच्या नाकापर्यंत आणला. "पूर्वी माझ्या दारातच बसवायचे त्याला. दिवेलागणीला आत यावं तर हा आपला कोपऱ्यात टोपी घालून बसलेला! काळजाचं पाणी व्हायचं माझ्या. रडून ओरडून दोन वर्षांपूर्वी त्याला मनोऱ्यात हलवायला लावला. आता मी कशाला त्याच्या वाटेला जाऊ?"

"बरोबर आहे, मावशी."

"बरोबर आहे तर विचारलंत कशाला? आणि ऐका, त्या पोरीच्या चाचणीसाठी मी उपास धरलाय. पुतळा नाही मिळाला तर तुम्हालाही उपासच पडेल."

दुसरा दादा. धाकटीला चिडवण्यात त्याच्याइतका हातखंडा कोणाचा नव्हता. "पण नाना, पोरगी गेली तर चिडवू कोणाला?" तो म्हणाला, आणि पुढे हळूच, "आणि माझी ही कंबर. मी जावईबापूंना शेवटचं उचललं ते मावशीच्या दारातून नेताना. तेव्हाच तर भरली." हे म्हणताना तो इतका कळवळला की नानांना त्याच्यावर संशय घेणंही क्रूर वाटलं.

तिसरे वस्ताद. कवायत शिकवणारे. त्यांच्या मिशा थरथरल्या तरी नवशिक्यांची पाचावर धारण बसायची. ते बंबापाशी धाकटीवर ओरडत होते.

"बूट कसे ठेवलेस? उजवा अर्धं पाऊल पुढे! घंटा झाली की आधी कुठला पाय जाणार?"

"उजवा, वस्ताद." धाकटीने बूट सरकवला.

"गुरू तशी चेली," पलीकडून दादा म्हणाला. "बाकी आम्ही सगळे दोन्ही बूट सारखेच ठेवतो, आणि तरी कधी अनवाणी गेलो नाही हो, वस्ताद."

"तू गाडीत बसतोस. तुला बूट कशाला, उशी लागते."

नानांनी घसा खाकरला. वस्तादांना प्रश्न विचारणं म्हणजे पेटत्या घरात शिरण्यासारखं, आणि नाना तर आयुष्यभर फोनपाशी बसलेले. "वस्ताद, ते जावईबापू..."

"येतील."

"अं?"

"म्हणजे सापडतील. एवढं धूड जातंय कुठे? त्याला काय पाय फुटलेत?" वस्तादांनी डावा खांदा चोळला आणि नजर दुसरीकडे वळवली. अंगणभर बामाचा वास पसरला होता. दादाने इथेही दरवळ सोडून ठेवलाय, नानांच्या मनात आलं.

"वस्ताद," धाकटी एकदम म्हणाली, "नाही सापडले तर नाही. तुम्ही वर्षभर सांगताय ना, माझ्यातच जोर कमी आहे. तसंच असेल."

वस्ताद काही बोलायला गेले. मिशी हलली. ते गर्रकन वळून निघून गेले.

"रागावले," धाकटी पुटपुटली.

नानांना मात्र ते रागावल्यासारखे वाटले नाहीत. वस्तादांचा तसा चेहरा त्यांनी आजवर कधी पाहिलेला नव्हता, आणि तो कसला, हे काही केल्या उमगेना.

४

मागच्या फाटकासमोर गल्ली, आणि गल्लीपलीकडे बेकरी. फाटकातून कोण आलं-गेलं ते दिसेल तर तिथूनच, म्हणून नाना तिकडे गेले. बेकरीवाल्या काकू रोज पहाटे हातगाडीवरून केंद्राचे पाव पोचवायच्या. कोपरापर्यंत पीठ, बोलणं मोकळं, हसणं त्याहून मोकळं. आज मात्र नानांना पाहताच त्यांनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. ते अर्धवटच लागलं.

"काकू, आज पहाटे आमच्या फाटकातून कोणी काही घेऊन जाताना पाहिलंत?"

"मी? नाही बाई. मी आपली पाव ठेवले आणि आले." काकूंनी ओढणीच्या टोकाने कपाळ पुसलं. "काय गेलं म्हणे?"

"जावईबापू."

"अगं बाई!" काकूंना एकदम खोकल्याची उबळ आली.

त्यांना पाणी मिळावं म्हणून नाना आत डोकावले. भट्टीच्या गरम भिंतीला लागून खाट होती आणि खाटेवर कोणीतरी तोंडावरून घोंगडी ओढून, भिंतीकडे वळून झोपलं होतं. अगदीच किरकोळ शरीरयष्टीचा माणूस. खाटेखाली त्याचे काळे गमबूट, त्यांच्यावरच विजार उतरवून ठेवलेली, एक बूट जरा पुढे, जणू झोपेतच चालायला निघणार.

"पाहुणे आहेत," काकू घाईने म्हणाल्या. "अंगात गारठा भरलाय. ऊब हवी म्हणून इथे निजवलंय."

"हो का? मग हळू बोलू या," नाना कुजबुजले. नानांच्या स्वभावात ते होतंच; झोपलेल्या माणसाची झोप मोडण्यापेक्षा त्यांनी तपास मोडणं पसंत केलं असतं.

बाजूच्या फळ्यांवर कापडाने झाकलेले तवे मांडले होते. नानांना बेकरीवाल्या काकूंची बिस्किटं फार आवडायची. त्यांनी सवयीने कापडाचं टोक उचललं, तशी काकूंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"नको! ते... कच्चं आहे अजून. दात पडतील तुमचे."

नाना लाजले, दुसऱ्या डब्यातलं एक बिस्किट घेऊन परत निघाले. वाटेत त्यांना वाटलं, बेकरीत आज काहीतरी कमी होतं. फाटकात पोचेपर्यंत लक्षात आलं. एवढे तवे भरून ठेवलेले, भट्टी तापलेली, पण त्या खोलीत भाजल्याचा खमंग वासच नव्हता.

याचा अर्थ लावायला त्यांना सवडच मिळाली नाही. केंद्राची घंटा घणाणली.

५

फोन दुसऱ्या शिपायाने घेतला होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर दातांच्या दवाखान्यावरच्या कठड्यावर अडकला होता. शिडी घसरून खाली पडली होती आणि तो दवाखान्याच्या पाटीवरल्या भल्यामोठ्या रंगवलेल्या दाढेला मिठी मारून लोंबकळत होता.

घंटेसरशी केंद्र जागच्या जागी उसळलं. नाना दारातच थबकले आणि रोज पाहिलेलं ते दृश्य आज पहिल्यांदा बघत असल्यासारखे पाहू लागले. बंबाशेजारी बुटांची रांग. प्रत्येक जोडीवर विजार खाली सरकवून, गोळा करून ठेवलेली. बंबवाले धावत आले, विजारीसकट बुटांत पाय घातले, एका हिसक्यात विजार कमरेपर्यंत ओढली, पट्टे खांद्यावर, कोट, टोपी, आणि बंब फाटकाबाहेर. वस्ताद पुढे, धाकटी मागे, दादा सुकाणूवर आणि त्याची कंबर कुठल्या कुठे विसरलेली.

अंगण रिकामं झालं. नाना मात्र तिथेच खिळलेले.

घरोघरी लोक विजार काढतात ती खुंटीला टांगतात, खुर्चीवर टाकतात, फार तर जमिनीवर लोळवतात. बुटांवर उतरवून ठेवत नाहीत. ती सवय जगात एकाच धंद्याची. खाटेखाली ते बूट ज्याने मांडले त्याच्या हातांनी ते विचार न करताच मांडले होते. आणि नानांच्या डोळ्यांना ते इतकं ओळखीचं, की डोळ्यांनी डोक्याला काही कळवलंच नव्हतं.

"तो पाहुणा!" नाना मोठ्याने म्हणाले. "अरे देवा, आणि मी कुजबुजत होतो!"

धावत बेकरी गाठावी असं त्यांना फार वाटलं. पण पथक बाहेर असताना फोन सोडायचा नाही, हा नियम. आणि दुसरा शिपाई बंबावर गेला होता. तेव्हा नाना फोनपाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक न उघडता विचार करू लागले.

आता बोटही बोललं. नळकांड्यातली पावडर ओल धरत नाही. दमट हवेत गोळा होऊ नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवतात, पाण्यावर टाकली तर तरंगते. चिकट गोळा होतो तो पिठाचा. रेघा पावाच्या हातगाडीच्या. पुतळा बेकरीत नेला होता आणि तो नेणारा बंबवाला होता. पण कोण?

एक बूट जरा पुढे. उजवा की डावा? नानांनी डोळे मिटले. खाट भिंतीशी, बुटांची टोकं खोलीकडे... उजवा. अर्धं पाऊल.

साऱ्या केंद्रात तसे बूट ठेवणारी दोनच माणसं होती. एक वस्ताद. आणि दुसरी धाकटी.

चाचणीची धास्ती घेऊन त्या पोरीनेच तर पुतळा लपवला नसेल?

६

पेंटर सुखरूप उतरला. तो दाढेला इतका घट्ट चिकटला होता की वस्तादांना त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली, हे सांगून दादाने सगळ्यांना खूप हसवलं. हसणं ओसरल्यावर साहेबांनी जेवणघरात सर्वांना बसवलं. बेकरीवाल्या काकूंनाही बोलावणं गेलं. नाना उभे राहिले, म्हणजे टेबलाला धरून राहिले.

"मला असं वाटतं... चुकत असेन तर सांगा, बहुतेक चुकतच असेन..."

"नाना, बोला हो," मावशी म्हणाली. "जेवण निवतंय."

"जावईबापू बेकरीत आहेत. भट्टीपाशी निजलेत."

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. काकूंनी ओढणी तोंडात कोंबली, पण हसू काही आवरेना.

मग नानांनी पिठाचं सांगितलं, चाकांचं सांगितलं, बुटांचं आणि विजारीचं सांगितलं. उजवा बूट पुढे, असं म्हणताच धाकटी ताडकन उठली.

"मी नाही नेले, नाना!"

"माहीत आहे. आधी मला तुझाच संशय आला. माझा संशय नेहमीसारखाच. पण मग मी एक गोष्ट विचारली स्वतःला. चोर पुतळा लपवतो, मोडतो, विकतो. याने तर त्याचे कपडे उतरवून उबेला निजवला. का? पुतळा ओला होता म्हणून. मावशीने त्यांना दारातून हलवलं ते थेट मनोऱ्याखाली. वरून होज गळतायत. कॉलरीतून पाणी आत, पाणी न धरणारा कोट बाहेरून कोरडाच. आतली वाळू दोन वर्षं पाणी पितेय. बाकाची फळी वाकली, पण आपल्या कोणाच्या ध्यानात आलं नाही."

नाना टेबल सोडून सरळ उभे राहिले.

"आता पुतळा जड झालाय हे कोणाला कळेल? जो तो हलका असताना उचलायचा, त्याला. धाकटी भरती झाली तेव्हा तो आधीच मनोऱ्यात होता. तिने उचलला तो भिजलेलाच. तिला तेच खरं वजन वाटलं आणि स्वतःचा जोर कमी वाटला. दादाने त्यानंतर उचलला नाही, चाचण्या झालेल्या बाकीच्यांनीही नाही. मावशी हात लावणार नाही. राहिला एकच माणूस, ज्याच्या खांद्याला जुना जावई पाठ होता." नानांचा आवाज खाली आला. "आणि आज सकाळी बामाचा वास दादाचा नव्हता."

वस्ताद सावकाश उठले. नानांना वाटलं, संपलं. आता हे आपल्यालाच शिडीवरून उतरवतील.

"काल संध्याकाळी ही घरी गेल्यावर उचलून पाहिला," वस्ताद भिंतीकडे बघत म्हणाले. "म्हटलं, ही नेमकी चुकते कुठे ते बघू. उचलला आणि माझाच खांदा खाली आला. दोन बादल्या तरी पाणी असेल आत. आणि मी हिला वर्षभर..." ते थांबले. "पहाटे काकूंच्या गाडीवर घातला. दुपारपर्यंत वाळवून, गुपचूप आणून ठेवणार होतो. पण सकाळीच ओरडा झाला, आणि ही म्हणाली, माझ्यातच जोर नाही. मग जीभच उचलेना."

"त्यांनी त्याचं पोट उसवलं," काकूंना आता राहवेना, "आणि वाळू माझ्या तव्यांत पसरून भट्टीत भाजली! चिंध्या भिंतीला वाळवल्या. नाना आले तेव्हा खाटेवर नुसतं कातडंच होतं, आणि नाना म्हणतात कसे, हळू बोलू या!"

जेवणघर हसण्याने दणाणलं. नानाही हसले. एकटी धाकटी हसत नव्हती.

"म्हणजे वस्ताद," ती म्हणाली, "मी मागच्या वर्षी निम्म्या शिडीपर्यंत जे उतरवलं..."

"ते मला आज उतरवता येणार नाही," वस्ताद म्हणाले. "ऐकलंस ना? आता परत म्हणायला लावू नकोस."

धाकटीचे डोळे भरून आले आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदमच.

वाळू पुन्हा भरली, मावशीने स्वतःच्या हातांनी पोट शिवलं. काकूंच्या पिठाच्या काट्यावर जावईबापूंचं वजन केलं. नियमात जेवढं लिहिलंय तेवढं भरलं. मग गाडीवरून त्यांची वाजतगाजत वरात फाटकातून आत आली.

"एकदा उचलून बघ," वस्ताद म्हणाले. "सवयीचा जोर लावू नकोस, नाहीतर..."

तिने सवयीचाच जोर लावला. जावईबापू तिच्या खांद्यावरून सरळ पलीकडे उडाले आणि दादाच्या मिठीत जाऊन पडले. दादा कंबर धरून खाली बसला. तो पुढे आठवडाभर सांगत होता की आपल्याला जावयाने लोळवलं.

७

दुसऱ्या दिवशी परीक्षक शिट्टी तोंडात धरून उभे होते. अंगणाच्या कडेला सगळं केंद्र, बेकरीवाल्या काकू, आणि हाताला रंग लागलेला पेंटरसुद्धा. धाकटी वरच्या खिडकीत दिसली, जावईबापू खांद्यावर आले, आणि ती उतरू लागली. भराभर नव्हे, एकेक पायरी, पाय नीट रोवून, वस्तादांनी शिकवलं होतं अगदी तसं. मागच्या वर्षी जिथे हात सुटला होता ती पायरी आली. वस्तादांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पायरी मागे पडली होती.

खाली गादी अंथरलेली होती. धाकटीने तिच्यावर जावईबापूंना ठेवलंच नाही. ती चालतच राहिली. परीक्षकांसमोरून, साहेबांसमोरून, थेट वस्तादांपर्यंत.

"अगं, ठेव खाली!" परीक्षक म्हणाले. "झाली चाचणी. उत्तीर्ण!"

"झाली?" धाकटी म्हणाली. "मला वाटलं, अजून जड जावईबापू यायचेत." आणि तिने ते धूड वस्तादांच्या हातात दिलं. वस्तादांनी ते घेतलं, आणि त्यांची मिशी जी थरथरली ती रागाने नव्हे, हे या वेळी अगदी नानांनाही कळलं.

जावईबापूंना पुन्हा मनोऱ्यात पाठवायचं कोणाच्या मनात नव्हतं. कोरडी जागा एकच होती. तेव्हापासून ते फोनखोलीत नानांच्या शेजारी खुर्चीत बसतात. येणारे जाणारे त्यांना नमस्कार करतात. मावशी दुपारी चहा आणते, तो चुकून दोन कप आणते, आणि नाना दोन्ही पितात.

परवा नाना एका पुस्तकाच्या अखेरीस आले. शेवटचं पान उरलं तेव्हा त्यांनी बोट घालून पुस्तक मिटलं आणि शेजारी वळून म्हणाले, "जावईबापू, या खेपेला मला पक्कं कळलंय. चोर तो बागेचा माळीच."

पान उलटलं. माळी देवमाणूस निघाला.

नाना इतके मनापासून हसले की जावईबापू खुर्चीतून कलंडले, आणि त्यांना सरळ बसवायला धाकटी धावत आली. तिने त्यांना एका हाताने उचललं.